वाचकांचे प्रश्न : पायथन सोडून दुसऱ्या भाषेत मशीन लर्निंग शिकायचं, तर पुस्तकं कोणती?

या वेळी मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवणं, या एकाच विषयावरची सहा पत्रं एकत्र घेतली आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. ज्युलिया भाषा आवडली, सहा महिन्यांपासून लिहितोय. मशीन लर्निंगही त्यातच शिकायचंय. पण यवतमाळ-अमरावतीच्या दुकानांत विचारलं की पायथनचंच पुस्तक समोर ठेवतात. ज्युलियाचं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ?
— एक विद्यार्थी, दारव्हा (जि. यवतमाळ)

एकच पुस्तक शोधू नका. भाषा आणि मशीन लर्निंग दोन्ही एकाच पुस्तकात शिकवायचं म्हटलं की दोन्हीला जागा कमी पडते. शिवाय त्यातला कोड लवकर शिळा होतो. काम तीन पुस्तकांत वाटून घ्या : भाषेचं एक, गणिताचं एक आणि दोघांना जोडणारं एक. तुमच्या नशिबाने ज्युलियात ही तिन्ही चांगली आहेत, आणि लेखकांनी ती वाचायला फुकट खुली ठेवली आहेत.

भाषेसाठी लॉवेन्स आणि डाउनी यांचं ‘थिंक ज्युलिया’ (2019). सहा महिने लिहिताय म्हणजे त्यातले अ‍ॅरे, फंक्शन आणि मल्टिपल डिस्पॅच (दिलेल्या माहितीच्या प्रकारावरून फंक्शनची रीत निवडणं) एवढेच भाग नीट वाचले तरी चालेल.

गणितासाठी बॉइड आणि व्हँडनबर्ग यांचं ‘इंट्रोडक्शन टू अप्लाइड लिनिअर अल्जिब्रा’ (2018). मूळ पुस्तकात कोणत्याच भाषेचा कोड नाही. पण त्याच लेखकांनी ज्युलियाची वेगळी सोबत-पुस्तिका लिहिली आहे, आणि तिची प्रकरणं मूळ पुस्तकाच्या क्रमाने जातात. दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचायची. तुमच्या कामाची प्रकरणं चौथं (क्लस्टरिंग, म्हणजे गट पाडणं), बारावं (लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणं), तेरावं (डेटाला रेषा बसवणं) आणि चौदावं (वर्गीकरण). त्याआधी पहिलं ते तिसरं आणि सहावं वाचल्याशिवाय बाराव्याला हात लावू नका. सदिश (व्हेक्टर) आणि सारणी (मॅट्रिक्स) यांची चिन्हं तिथेच ठरतात.

जोडणारं तिसरं म्हणजे कोचेंडर्फर आणि व्हीलर यांचं ‘अल्गोरिदम्स फॉर ऑप्टिमायझेशन’ (2019). नावात मशीन लर्निंग नाही म्हणून लोक ते बाजूला ठेवतात. पण मॉडेल ‘शिकतं’ म्हणजे नेमकं काय होतं, ते याच पुस्तकात उघडं दिसतं, आणि सगळ्या रीती ज्युलियातच लिहिलेल्या आहेत. 2019च्या आवृत्तीतलं दुसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण आधी घ्या.

पॅकेज टाकायच्या आधी एक अभ्यास हाताने करा. ओलिताच्या पाळ्या 1, 2, 3, 4, 5 आणि त्यावर एकरी उतारा 2, 4, 5, 4, 5 क्विंटल असे पाच मनातले आकडे घ्या. कागदावर लीस्ट स्क्वेअर्सची रेषा काढली तर रेषेचा उतार 0.6 आणि छेद (पाळ्या शून्य असताना रेषा जो उतारा दाखवते तो) 2.2 येतो. मग ज्युलियात पहिला स्तंभ एकांचा आणि दुसरा पाळ्यांचा अशी 5 × 2 सारणी करून, तिच्यापुढे उलट्या तिरक्या रेघेचं चिन्ह आणि मग उताऱ्याचे पाच आकडे द्या. तेच दोन आकडे यायला हवेत. शेवटी तीच रेषा ग्रेडियंट डिसेंटने, म्हणजे चूक कमी होईल त्या दिशेने दर फेरीला थोडं थोडं सरकत, काढा. चुकांच्या वर्गांची सरासरी घेतली असेल, तर लर्निंग रेट (दर फेरीला किती सरकायचं ते ठरवणारा आकडा) 0.05 ठेवून शून्यापासून सुरुवात केल्यावर 1,000 फेऱ्यांत 2.2 आणि 0.6 वर येतं. रेट 0.1 ठेवला की आकडे दर फेरीला फुगत जातात. कारण या डेटावर रेटची हद्द साधारण 0.084 आहे. आता मेख अशी की काही पुस्तकं त्या सरासरीला 2 ने भागतात. मग हद्द दुप्पट होते आणि 0.1 बिनबोभाट चालतो. ‘पुस्तकातला रेट माझ्याकडे चालत नाही’ याचं कारण बरेचदा हा 2 असतो, तेव्हा सूत्र आधी तपासा.

एवढं झालं की न्यूरल नेटवर्कसाठी फ्लक्स पॅकेज घ्या. मात्र ते छापील पुस्तकातून शिकू नका, पॅकेजच्या स्वतःच्या दस्तऐवजातून शिका. फ्लक्सची रीत मध्ये बदलली आहे. मॉडेलचे सगळे आकडे ‘पॅरम्स’ने गोळा करून ‘ट्रेन’ला देणारा कोड दिसला, तर तो जुना. आता आधी ‘सेटअप’ करायचं आणि मग ‘ट्रेन’ला मॉडेलच द्यायचं.

दुकानात किंवा जुन्या बाजारात ज्युलियाचं पुस्तक हाती आलं तर आधी सन पाहा. ज्युलियाची 1.0 आवृत्ती ऑगस्ट 2018 मध्ये आली आणि त्याआधीचं बरंच काही मोडलं. पुस्तक चाळताना ‘लिनस्पेस’ दिसलं की ते 1.0 च्या आधीचं समजा. तो शब्द काढून आता ‘रेंज’ वापरतात. असं पुस्तक निम्म्या किमतीतही घेऊ नका. नवख्या माणसाला चूक आपली की पुस्तकाची हे कळत नाही, आणि त्यात महिना जातो.

कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटाच्या पट्टीवर दशांश वर्गीकरणाचे आकडे असतील, तर नुसत्या 006.31 पाशी, म्हणजे मशीन लर्निंगपाशी, थांबू नका. 005.133 ला एकेका भाषेची पुस्तकं असतात, 519.5 ला संख्याशास्त्र आणि 512.5 ला रेषीय बीजगणित. तुम्हाला हवी ती पुस्तकं या चार कपाटांत विखुरलेली असतात. ग्रंथपालांना पुस्तकाच्या नावाऐवजी हे आकडे सांगितले तर शोध लवकर लागतो.

प्रश्न : मी कृषी पदवीची विद्यार्थिनी. अकोल्याला जुन्या पुस्तकांत ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ मिळालं, आर भाषेचं. समजतंय छान, पण प्रयोग करून पाहिले की कुठे एरर येतो, कुठे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं येतं. कपाशीच्या कामगंध सापळ्यांचे दोन हंगामांचे आकडे आहेत, त्यावर हे वापरता येईल का?
— एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

पुस्तक उत्तम आहे. तुमच्या हातात 2013 ची पहिली आवृत्ती असावी. त्यानंतर आर भाषा दोन ठिकाणी बदलली, आणि तुमच्या दोन्ही तक्रारी तिथूनच येतात.

एप्रिल 2020 मध्ये आलेल्या आर 4.0.0 पासून, टेबल तयार करताना अक्षरी माहिती आपोआप ‘फॅक्टर’ (ठरावीक गटांत मोडणारी माहिती) होत नाही. पुस्तकातला आठव्या प्रकरणाचा प्रयोग, ज्यात विक्री 8 पेक्षा जास्त की कमी यावरून ‘होय-नाही’ करून निर्णय-वृक्ष बांधला आहे, तो इथेच अडतो. ‘होय-नाही’ची ओळ ‘फॅक्टर’ फंक्शनमध्ये गुंडाळा, वृक्ष तयार होईल. दुसरा बदल 2019 च्या आर 3.6.0 चा. यादृच्छिक निवड करणाऱ्या ‘सॅम्पल’ची आतली रीत बदलली, म्हणून तोच सीड (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊनही वेगळ्या ओळी निवडल्या जातात. तुमचं उत्तर चूक नाही. पुस्तकाशी आकडा न् आकडा जुळवायचाच असेल, तर ‘आरएनजीकाइंड’मध्ये सॅम्पलचा प्रकार ‘राउंडिंग’ करा.

2021 ची दुसरी आवृत्ती लेखकांनी पीडीएफ म्हणून मोफत दिली आहे. तिच्यात डीप लर्निंगचं दहावं प्रकरण नवं आहे आणि बहुतेक डेटा ‘आयएसएलआर2’ या पॅकेजात मिळतो. छापील प्रत घेणार असाल तर मुखपृष्ठ नीट वाचा. 2023 मध्ये याच पुस्तकाची पायथन आवृत्ती निघाली आहे. नाव तेच, फक्त खालच्या ओळीत ‘इन आर’ की ‘इन पायथन’ हा फरक.

सापळ्यांच्या आकड्यांवर नक्की काम करा. पण एक चूक टाळा. गुलाबी बोंडअळीची धोक्याची पातळी म्हणजे एका सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग. तुम्ही त्याच आठवड्याच्या पतंगांवरून ‘धोका आहे-नाही’ ठरवलं आणि तेच पतंग मॉडेललाही दिले, तर मॉडेल फक्त तुमचा नियम पाठ करेल आणि अचूकता 100 टक्क्यांच्या आसपास दाखवेल. विचारायचं ते पुढच्या आठवड्याचं : या आठवड्याचे पतंग, पेरणीपासूनचे दिवस, पाऊस, किमान तापमान यांवरून पुढच्या आठवड्यात पातळी ओलांडली जाईल का? डेटा वाटतानाही ओळी पिसू नका. पहिला हंगाम शिकायला ठेवा, दुसरा तपासायला. पिसल्या तर नोव्हेंबरचा एक आठवडा शिकण्यात जातो आणि त्याच्या शेजारचा तपासण्यात, आणि निकाल खोटा चांगला येतो. दोन हंगाम म्हणजे डेटा फार थोडा. चौथ्या प्रकरणातल्या लॉजिस्टिक रिग्रेशनच्या (‘होय-नाही’ची शक्यता काढणारी रीत) पुढे जाऊ नका.

प्रश्न : पायथनच्या पुस्तकातला कोड ज्युलियात आणि आरमध्ये उतरवून पाहतो. एरर येत नाही, पण उत्तर जुळत नाही. चूक शोधायची कशी?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

एरर न येता चुकणं हेच खरं अवघड. पुस्तकातला मोठा डेटा बाजूला ठेवा आणि वरच्या उत्तरातले पाच आकडे घेऊन एकेक पायरी तपासा.

पहिली पायरी प्रमाण विचलन. 2, 4, 5, 4, 5 चं प्रमाण विचलन पायथनच्या नमपायमध्ये 1.095 येतं, तर आर आणि ज्युलियात 1.225. नमपाय 5 ने भागतं, बाकी दोन्ही 4 ने. डेटा प्रमाणित करून मॉडेलला दिला असेल, तर पुढचे सगळे आकडे तिथूनच थोडे थोडे सरकतात.

दुसरी पायरी फक्त ज्युलियाची, आणि सगळ्यात फसवी. सिग्मॉइड (कोणत्याही आकड्याला 0 ते 1 मध्ये आणणारं सूत्र) लिहिताना ‘एक्सप’ फंक्शन सारणीला लावलं आणि मागे टिंब द्यायचं विसरलं, तर ज्युलिया एकेका आकड्याचा घातांक काढत नाही, सगळ्या सारणीचा सारणी-घातांक काढते. सारणी चौरस नसेल तर एरर येतो आणि चूक सापडते. चौरस असेल तर निमूट चुकीचं उत्तर मिळतं. 2 × 2 ची शून्यांची सारणी देऊन पाहा : टिंबाविना कर्णावर 1 आणि बाकी 0 येतं, टिंबासह चारही ठिकाणी 1.

तिसरी, ओळी की स्तंभ? पायथनच्या पुस्तकांत एक झाड म्हणजे एक ओळ. फ्लक्समध्ये एक झाड म्हणजे एक स्तंभ. संत्र्याच्या 200 झाडांची चार-चार मापं असतील, तर तिथे 200 × 4 आणि इथे 4 × 200. आकार बदलतानाही हेच आडवं येतं. 1 ते 6 आकड्यांची 2 × 3 सारणी केली तर नमपाय पहिल्या ओळीत 1, 2, 3 भरतं, ज्युलिया पहिल्या स्तंभात 1, 2 भरते. आरही तसंच, जोवर ‘बायरो’ सांगत नाही. पानांच्या फोटोंवर काम करताना चित्र आडवं पडलेलं दिसलं तर कारण हे.

ज्युलिया आणि आरमध्ये मोजणी 1 पासून सुरू होते हे सगळ्यांना माहीत असतं. उणे आकड्यावर मात्र फसतात. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा घटक. आरमध्ये उणे एक म्हणजे पहिला घटक वगळून बाकी सगळे. एररही येत नाही, यादी नुसती एकाने कमी होते. ज्युलियात शेवटच्यासाठी ‘एंड’ आहे. तसंच नमपायमध्ये यादीचा तुकडा काढून तो बदलला की मूळ यादीही बदलते. ज्युलियात तुकडा ही नवी प्रत असते, मूळ तसंच राहतं.

आणि लॉजिस्टिक रिग्रेशन जुळत नसेल, तर तुमचा कोड बहुधा बरोबरच आहे. पायथनच्या सायकिट-लर्न पॅकेजचं लॉजिस्टिक रिग्रेशन न सांगता मोठ्या गुणकांवर दंड लावतं, त्यामुळे गुणक शून्याकडे ओढले जातात. आरचं ‘जीएलएम’ असा दंड लावत नाही. तुलना करायची तर पायथनच्या बाजूला दंड बंद करा.

सीड 42 दिला म्हणून दोन भाषांत तेच यादृच्छिक आकडे येतील ही आशा सोडा. शिकायच्या आणि तपासायच्या ओळींचे क्रमांक एकदाच काढून सीएसव्ही फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही भाषांत तीच फाइल वाचा.

प्रश्न : आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलांसाठी सुट्टीत वर्ग घ्यायचा विचार आहे. गावात नेटवर्क नाही, लाइनही जाते. पुस्तकं आणि पॅकेजं तालुक्याहून पेनड्राइव्हवर आणता येतील का?
— एक शिक्षक, चामोर्शी तालुका (जि. गडचिरोली)

येतील, तयारी तालुक्याला नीट झाली तर. शाळेतल्या संगणकावर जी विंडोज आहे तीच, आणि ज्युलियाची नेमकी तीच आवृत्ती तालुक्याच्या संगणकावर हवी. तिथे हवी ती पॅकेजं टाका, प्रत्येक पॅकेज एकदा चालवून पाहा, मग वापरकर्त्याच्या फोल्डरमधला टिंबाने सुरू होणारा ‘ज्युलिया’ फोल्डर घ्या. तो तसाच पेनड्राइव्हवर टाकू नका. त्यात हजारो बारीक फाइली असतात आणि तास न् तास जातात. आधी सगळ्याची एकच झिप करा. पेनड्राइव्ह एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. शाळेत झिप त्याच जागी उलगडा आणि पॅकेज व्यवस्थेला ऑफलाइन राहायला सांगा, नाहीतर ती नेटवर्क शोधत बसते. पॅकेज पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतं. ते बॅटरीवर नको, लाइन असताना उरकून घ्या.

वर्ग नवख्यांचा असेल तर आमचं मत आरच्या बाजूने आहे. आरचा इन्स्टॉलर लहान आहे, रेषा बसवणं आणि लॉजिस्टिक रिग्रेशन आतच आहे, आणि फिशरने 1936 मध्ये वापरलेला आयरिस फुलांचा डेटा, 150 फुलं, चार मापं, तीन जाती, त्याच्यासोबतच येतो. पहिले काही आठवडे एकही पॅकेज लागत नाही. पुढे पॅकेजं लागली तर आरचा ‘लायब्ररी’ फोल्डर उचलून आणा, पण दोन्हीकडे आवृत्तीचे पहिले दोन आकडे सारखे हवेत : 4.3 ची पॅकेजं 4.4 वर नेऊ नका. मदतही नेटशिवाय मिळते. प्रश्नचिन्हापुढे फंक्शनचं नाव लिहिलं की माहिती येते, आणि ‘एक्झाम्पल’ म्हटलं की उदाहरण चालून दिसतं.

सगळी पीडीएफ छापू नका. ‘स्टॅटिस्टिकल लर्निंग’ची पानं सहाशेच्या घरात जातात. दुसरं, तिसरं आणि चौथं प्रकरण पाठपोट छापून स्पायरल बायंडिंग करा. एका सुट्टीला तेवढं भरपूर होतं.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुस्तकातलं गणित ओळखीचं वाटतं, पण इंग्रजीमुळे अडतं. काय करावं?
— एक विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

गणित ओळखीचं वाटतं, कारण ते ओळखीचंच आहे. दहावीला क्रेमरच्या रीतीत निश्चयक मांडून दोन चलांची समीकरणं सोडवलीत. लीस्ट स्क्वेअर्सच्या रेषेलाही शेवटी दोन चलांची दोन समीकरणंच लागतात. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा : व्हेक्टर म्हणजे सदिश, मॅट्रिक्स म्हणजे सारणी, मीन म्हणजे मध्य, मीडियन म्हणजे मध्यक, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे प्रमाण विचलन, प्रॉबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता. चाळीस-पन्नास शब्दांत पुस्तकाचा बराचसा भाग मोकळा होतो. वाचतानाही क्रम उलटा ठेवा. आधी आकृती, मग सूत्र, मग कोड, आणि परिच्छेद शेवटी. सूत्रात धानाच्या बांधीचे दोन-तीन आकडे घालून उत्तर काढलं की परिच्छेद काय म्हणत असेल त्याचा अंदाज आधीच आलेला असतो.

प्रश्न : रस्ट, एलिक्सिर, लिस्प, ल्युआ यांपैकी कशात पुस्तक मिळेल?
— एक वाचक, कारंजा लाड (जि. वाशीम)

एलिक्सिरमध्ये शॉन मोरिआरिटी यांचं ‘मशीन लर्निंग इन एलिक्सिर’ आहे. आकडेमोडीच्या एनएक्स पॅकेजच्या घडणीत लेखक स्वतः असल्याने ते भरवशाचं. लिस्पमध्ये पीटर नॉर्विग यांचं 1992 चं पुस्तक नावाजलेलं आहे आणि प्रोग्रामिंग शिकायला फार मोलाचं आहे, पण त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता चिन्हांची आणि नियमांची आहे. रिग्रेशन शोधायला ते घेऊ नका. ल्युआची पुस्तकं टॉर्च7 या जुन्या पॅकेजवर उभी आहेत. त्याचं काम थांबलं आहे आणि आजच्या संगणकावर ते उभं करतानाच दमछाक होते, म्हणून टाळा. रस्टमध्ये भाषेचं अधिकृत पुस्तक मोफत आहे. ते वाचून झाल्यावर मशीन लर्निंगच्या लिन्फा पॅकेजची उदाहरणं आणि शेजारी डायझेनरोथ, फैसल, ओंग यांचं ‘मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग’ (2020, पीडीएफ मोफत) अशी जोडी लावा. त्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, आठव्या प्रकरणापासून पुढे, रिग्रेशन, पीसीए (मापांची संख्या कमी करणं), गॉसियन मिश्रणं (डेटातले गट शोधणं) आणि एसव्हीएम (वर्गीकरणाची एक रीत) आहेत. पहिला भाग पुरा करूनच तिकडे जा, आणि सुरुवात नवव्या प्रकरणातल्या रेषीय रिग्रेशनपासून करा. तपासायला ओलिताच्या पाळ्यांचे तेच पाच आकडे घ्या.